सामाईक भिंत : दुरुस्त केलेल्या जुन्या घरांचं परीक्षण

गेल्या महिन्याच्या बैठकीत पाहुण्यांनी पडद्यावर चोवीस फोटो दाखवले. बारा 'आधी'चे, बारा 'नंतर'चे. अहमदाबादच्या पोळांतली काही घरं, आपल्या वडोदऱ्याच्या जुन्या शहरातली दोन-तीन. आधीच्या फोटोत काळवंडलेले सागवानी खांब, कबुतरांची घाण, अर्धा खाली आलेला जिना. नंतरच्या फोटोत तेच खांब तेल पिऊन चकाकणारे, चौकात तुळशीवृंदावन, कोनाड्यात पिवळा दिवा. प्रत्येक जोडीला टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पडीक घर विकत घ्यायचं, स्वतःचे पैसे त्यात घालायचे, दोन वर्षं गवंडी-सुतारांच्या मागे हिंडायचं, हे काम सोपं नाही. ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल मला आदरच आहे.

घरी आल्यावर ते फोटो मागवून घेतले आणि निवांत पुन्हा पाहिले. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. चोवीसपैकी एकाही फोटोत शेजारचं घर नव्हतं. फोटो बरोबर घराच्या दोन्ही कडांवर कापलेले. जणू प्रत्येक घर मोकळ्या माळावर एकटं उभं आहे.

जुन्या शहरातलं कुठलंच घर असं उभं नसतं. आपण नाटकाचं परीक्षण करतो, पुस्तकाचं करतो, पण दुरुस्त केलेल्या घराचं फक्त कौतुक करतो. या लेखात मी परीक्षण करणार आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: पोळीतल्या घराचा घटक 'घर' नाही, 'रांग' आहे. एकेक घर सुटं विकत घेऊन सुटं दुरुस्त करणं हे बांधकामाच्या दृष्टीनं अर्धवट काम आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीनंही.

दस्त काय सांगतो

आधी कागद बघू. जुन्या घराचा कुठलाही दस्त उघडा, मोडीतला असो वा गुजरातीतला. घर किती खणांचं, किती मजली, हे त्यात असतंच. पण घर नेमकं कुठलं, हे ठरतं चतुःसीमेवरून. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं परसू, उत्तरेस तमक्याचं घर, दक्षिणेस फलाण्याचं घर आणि मधली भिंत सामाईक. नंबर नव्हते, सिटी सर्व्हे नव्हता, तेव्हा घराची ओळख शेजाऱ्यांच्या नावांनीच व्हायची. आजही खरेदीखतात चतुःसीमा लिहावी लागते. वकील ती उतरवून घेतात, घेणारा सही करतो, आणि पुढे ती ओळ कोणी वाचत नाही.

मला ती ओळ दस्तातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेजारी वजा केला तर हे घर सांगताच येत नाही, असं तो कागद आपल्याला बजावत असतो.

आता आपल्या लोकांमध्ये एक समजूत आहे की पोळ गुजरात्यांची आणि वाडा मराठ्यांचा. सरदार-दरकदारांच्या बाबतीत ते खरं आहे. त्यांचे वाडे चार बाजूंनी स्वतःच्या भिंती घेऊन उभे राहिले. पण सगळेच काही सरदार नव्हते. मांडवीपासून चार दिशांना लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांकडे जे रस्ते जातात, त्यांच्या आतल्या गल्ल्यांत कारकून, शिलेदार, भिक्षुक, वैद्य अशी साधी मराठी घरं होती, आणि ती गुजराती शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावूनच होती. माजघर, देवघर, माडी ही नावं आपली. विटा, चुना, सागवान आणि मधली भिंत दोघांची. अहमदाबादेतही तेच. 1753 पासून 1817 पर्यंत ते शहर पेशवे आणि गायकवाड यांच्या वाटणीत होतं. गायकवाड हवेली हे नाव तिथं अजून आहे. पण त्या काळात तिथं गेलेला मराठी कारकून हवेलीत राहत नव्हता, गल्लीतच राहत होता.

रांग कशी उभी राहते

मी शिकलो सिव्हिल इंजिनिअरिंग, इतिहास नंतर लागला. त्यामुळे इथं थोडं भिंतीबद्दल बोलतो.

पोळीतलं घर समोरून अरुंद आणि आत खोल. दोन्ही बाजूंच्या लांब भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. उजेड-वारा येतो तो मधल्या चौकातून. मजल्याच्या कड्या एका सामाईक भिंतीतून निघून दुसरीत घुसतात. त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर माती-चुन्याचा थर. शेजाऱ्याच्या कड्या त्याच भिंतीत पलीकडून येतात. म्हणजे भिंतीला दोन्ही अंगांनी भार बसतो, आणि दोन्ही अंगांनी तिला धरूनही ठेवलेलं असतं. विटकामात ठरावीक उंचीवर आडवे लाकडी पट्टे टाकलेले असतात, ते भिंतीला बांधून ठेवतात.

लोकांना वाटतं कडीपाट म्हणजे हलका आणि स्लॅब म्हणजे जड, एवढाच फरक. हिशोब करून बघा. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला साधारण 310 किलो. कडीपाटावर चार इंच माती-चुन्याचा थर असेल तर तोही 200 किलोच्या आसपास जातोच. फरक आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. खरा फरक असा की कडी दोन भिंतींना एकमेकींशी बांधते. आणि दुसरी गोष्ट, जी मला कॉलेजात कोणी नीट सांगितली नाही, ती अशी की विटांच्या उंच भिंतीला वरचा भार हवा असतो. त्या वजनानंच ती आपल्या जागी दाबून बसते. भार काढून घेतला की ती मोकळी होत नाही, अस्थिर होते.

आता रांगेतलं एक घर काढून टाका. सामाईक भिंतीची जी बाजू शंभर-दीडशे वर्षं घराच्या आत होती, ती एकदम पावसात उघडी पडते. तिला बाहेरचा गिलावा कधी नव्हताच. कड्या कापल्या की भोकं राहतात. एका अंगाचा भार गेला, दुसऱ्या अंगाचा राहिला, त्यामुळे भिंत हळूहळू पोट काढते. शेजारी नव्या इमारतीचा पाया खोल खणला तर जुना उथळ पाया सरकतो. मग शेजारचं घर 'धोकादायक' ठरतं. त्याला नोटीस लागते. तेही उतरतं. पुढच्याची पाळी येते. गल्लीत घरं एकामागून एक पडताना दिसतात, तेव्हा आपण म्हणतो की लोकांना जुन्याची किंमत नाही. बऱ्याचदा पहिल्या घरानं शेजाऱ्याला धक्का दिलेला असतो.

26 जानेवारी 2001 च्या सकाळी अहमदाबादेत कित्येक नव्या बहुमजली आरसीसी इमारती कोसळल्या. जुन्या शहरातली लाकूड-विटांची घरं हलली, भेगाळली, पण बरीचशी उभी राहिली. लाकडाचे सांधे थोडे हलतात आणि धक्का खाऊन टाकतात, हे एक कारण. रांगेनं एकमेकांना धरलं, हे दुसरं. त्या दुसऱ्या कारणाचं नाव फारसं कोणी घेत नाही.

वाचवण्याच्या तीन तऱ्हा

या नजरेनं आपण ज्यांना यशस्वी समजतो अशी उदाहरणं तपासू.

पहिलं आपल्या रावपुऱ्यातलं, तांबेकर वाडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. वरच्या दालनांतली भित्तिचित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पुराणातले प्रसंग आणि इंग्रज-मराठ्यांच्या लढाया एकाच भिंतीवर शेजारी नांदतात. सरकारनं तो घेतला नसता तर ही चित्रं आज नसती, याबद्दल मला शंका नाही. पण तिथं आता चूल नाही, पाणी नाही, माणूस नाही. चित्रं वाचली, घर संपलं. हा सौदा चित्रांसाठी योग्यच होता. फक्त त्याला 'वाडा वाचला' म्हणू नये, चित्रं वाचली असं म्हणावं.

त्याचा शेजाऱ्यांवरचा परिणामही बघायला हवा. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरवर नियंत्रण आहे, असा 2010 सालच्या दुरुस्तीनंतरचा कायदा आहे. दुरुस्तीलाही परवानगी काढावी लागते. शेतात एकट्या उभ्या देवळासाठी हा नियम ठीक आहे. रावपुऱ्यात शंभर मीटर म्हणजे एक अख्खी वस्ती. ज्याला कौलं बदलायची आहेत त्यानंही अर्ज करायचा. मग माणूस एक तर गुपचूप काम करतो, नाहीतर करतच नाही. एका घराच्या रक्षणाचा खर्च न विचारता रांगेकडून वसूल होतो.

दुसरं उदाहरण अहमदाबादेतल्या काळुपूरचं, कवी दलपतरामांचं घर. लांबेश्वरच्या पोळीत ते होतं. मूळ घर राहिलं नाही. महापालिकेनं त्या जागी दर्शनी भाग पुन्हा उभारला आणि ओट्यावर कवींचा पुतळा बसवला. 1997 पासून रोज सकाळी स्वामिनारायण मंदिराकडून जुम्मा मशिदीपर्यंत जी हेरिटेज वॉक निघते, ती इथं थांबते. पाहायला गेलो तेव्हा मला आधी हसू आलं. नुसतं तोंड, मागे पोटच नाही! पण थोडा वेळ तिथं थांबलो तर मुलं तिथं खेळत होती आणि एक म्हातारे गृहस्थ पुतळ्याच्या शेजारी पेपर वाचत बसले होते. घर म्हणून ते खोटंच आहे, आणि ते लपवतही नाही. पण ओटा म्हणून खरं आहे, गल्लीला तो परत मिळाला. दुरुस्त हवेल्यांपैकी कितींबद्दल असं म्हणता येईल?

तिसरी तऱ्हा, जिच्यावर सध्या सगळ्यांची भिस्त आहे, ती म्हणजे खासगी खरेदी. 2017 साली अहमदाबाद भारतातलं पहिलं जागतिक वारसा शहर झालं. तेव्हापासून पोळीतलं घर घेऊन त्याचं अतिथिगृह, कॅफे किंवा कलादालन करायची कल्पना आपल्याकडेही रुजली. खाडियातली मंगळदासनी हवेली हे त्याचं चांगलं उदाहरण. दुरुस्त केली, लोकांसाठी उघडी ठेवली, कोणीही आत जाऊन तुळयांवरचं कोरीव काम बघू शकतो. अशी दहा-वीस घरं झाल्यानं त्या भागात कारागिरांना काम मिळालं, चुन्यात काम करणारे गवंडी पुन्हा दिसू लागले. ही या तऱ्हेची खरी कमाई.

तिची उणीव अशी की ती घर निवडते. चांगली नक्षी, रुंद चौक, गाडी जवळ लागेल अशी गल्ली. ज्या घराला कोरलेली तुळई नाही त्याला गिऱ्हाईक नाही. पण रांगेत भार वाहायला नक्षी लागत नाही. देखण्या हवेलीची दक्षिणेची भिंत ज्या कळकट घराच्या कड्यांनी धरली आहे, त्या घरात पैसा येत नाही. अहमदाबादच्या नियमांत यादीतल्या घराच्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क शहरात दुसरीकडे विकता येतो आणि त्यातून दुरुस्तीला पैसा यावा अशी योजना आहे. कल्पना चांगली आहे. पण तोही हक्क मालकाला मिळतो, यादीतल्या घराला मिळतो. भाडेकरूला नाही, सामाईक भिंतीला नाही.

'ओसाड' हा शब्द

बैठकीत एक शब्द वारंवार आला, ओसाड. जणू घर बेवारशी सापडलं आणि कोणी तरी त्याला दत्तक घेतलं. कागद बघितले तर उलटंच दिसतं. घराला वारस कमी नसतात, जास्त असतात. पणजोबांच्या नावावरचं घर, त्यांना चार मुलगे, पुढं त्यांची मुलं. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित घरात मुलींचा हक्क मुलांइतकाच, आणि तो हवाच होता. मग विकायला वीस-पंचवीस सह्या, त्यातल्या दोन अमेरिकेत, एक रुसलेली.

आत भाडेकरू. 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा गुजरातेतही चालत आला. भाडं 1940 च्या आसपास गोठलं. महिन्याच्या भाड्यात आज चहाचे दोन कप येत नाहीत. मालक दुरुस्ती का करेल? भाडेकरूनं केली तर घर त्याचं नाही. पागडी देऊन आलेला माणूस मात्र स्वतःला अर्धा मालकच समजतो, आणि त्यात त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही. तीस-चाळीस वर्षं गळती त्यानंच काढलेली असते.

वर 'अशांत धारा'. 1991 च्या या कायद्यानं जाहीर झालेल्या भागात स्थावर मिळकत विकायला आधी कलेक्टरची परवानगी लागते. दंगलीनंतर लोकांनी घाबरून मातीमोल भावानं घरं विकू नयेत हा त्याचा हेतू. विक्री खुशीनं आणि वाजवी किमतीला होतेय का, हे तपासायचं. प्रत्यक्षात परवानगीला वेळ लागतो, घेणारे कमी होतात, आणि कोण कुणाला विकू शकतो याची एक न बोललेली यादी तयार होते. जुन्या वडोदऱ्याचा आणि जुन्या अहमदाबादचा बराच भाग या कायद्याखाली आहे. त्यामुळे काही घरं कोणी सोडली म्हणून रिकामी नसतात, तर हात बदलू शकत नाहीत म्हणून बंद असतात.

हे सगळं फोटोत दिसत नाही. फोटोत कबुतरं दिसतात.

माझ्या हातचं एक काम

इतकं दुसऱ्यांबद्दल बोललो, आता माझ्याबद्दल. सांगणार नव्हतो, पण न सांगता हा लेख पुरा होत नाही.

1995 साली मी सव्वीस वर्षांचा होतो. आत्याच्या यजमानांनी जुन्या शहरातलं त्यांचं घर 'पक्कं' करायचं ठरवलं आणि काम घरच्या इंजिनिअरकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. मी आरसीसीचा सांगाडा काढला. सामाईक भिंतीला लागून आमच्या जागेत खांब, त्यावर बीम, त्यावर स्लॅब. जुन्या कड्या भिंतीशी सपाट कापून घेतल्या. भिंतीवरचा आमचा भार काढून घेतला म्हणजे शेजाऱ्यांवर उपकारच झाला, असं मला मनापासून वाटलं होतं. आकडेमोडीच्या वहीत तसं लिहिलंही आहे. नवा बीम आणि जुनी भिंत यांच्यात दोन इंचांची फट राहिली. मिस्त्रीनं ती विटांच्या तुकड्यांनी भरली आणि वरून सिमेंट फासलं.

शेजारच्या आजी रोज ओट्यावर येऊन काम बघायच्या. एकदा म्हणाल्या, "अरे बाबा, भिंत आमचीही आहे हो. आमच्या माडीला आवाज येतोय." मी त्यांना समजावलं, "आजी, काळजी करू नका, आता भिंतीवर वजनच नाही." त्यांना काय कळणार, असं माझ्या बोलण्यात होतं. त्या काही बोलल्या नाहीत.

पहिल्याच पावसाळ्यात फटीतून पाणी उतरायला लागलं. आमच्या बाजूला ते दिसत नव्हतं. त्यांच्या माजघराच्या भिंतीला ओल आली, मग लोणा. त्यांनी कोणाच्या तरी सल्ल्यानं त्यावर सिमेंटचा गिलावा मारला, त्यामुळे ओल बाहेर पडायचीही बंद झाली आणि आतल्या आत कड्यांच्या टोकांपर्यंत गेली. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही, पण कायम ओल्या भिंतीत कडीचं टोक कुजतं. 2001 च्या भूकंपात आमचा ताठ सांगाडा आणि त्यांची जुनी भिंत वेगवेगळ्या तालात हलल्या आणि एकमेकींवर आपटल्या. माडी एका बाजूनं खचली. पुढच्या वर्षी ते कुटुंब मांजलपुरात राहायला गेलं. आजी तिथंच गेल्या. घराला कुलूप लागलं ते आजतागायत.

आता मी हे का सांगतोय? बैठकीनंतर एक तरुण जोडपं माझ्याकडे आलं. "काका, आम्ही एक ओसाड घर बघतोय. होमस्टे करायचाय. स्ट्रक्चर बघून द्याल का?" मोबाइलवर फोटो दाखवला. दाराच्या चौकटीवरचा गणपती मी लगेच ओळखला. ते आजींचं घर होतं.

घेणाऱ्यांसाठी आणि आपल्यासाठी

त्या दोघांना मी नको म्हटलं नाही. घर घ्यायला माणसं हवीतच. सरकार प्रत्येक घर तांबेकर वाड्यासारखं घेऊ शकत नाही, आणि घेऊही नये. पण मी त्यांना कामाचा जो क्रम लिहून दिला, तो इथं देतो.

सगळ्यात आधी पाणी. कौलं, पन्हळ, चौकातली मोरी, आणि शेजाऱ्याच्या गच्चीचं पाणी कुठं जातं ते. एक अख्खा पावसाळा घर नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. घाई असेल तर टेकू द्यायचे आणि थांबायचं.

मग कड्यांची टोकं. प्रत्येक कडी भिंतीत जिथं शिरते तिथं बारीक खिळ्यानं टोचून बघायची. टोक कुजलं असेल तर तेवढंच कापून नवं सागवान जोडता येतं, अख्खा मजला काढावा लागत नाही. हे काम करणारे सुतार अजून मिळतात.

मग गिलावा. जिथं सिमेंट असेल तिथून ते काढायचं आणि चुना-सुरखीचा गिलावा करायचा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. ओल आत येते तशी बाहेरही जाते. हे काम सावकाशीचं आहे. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, त्याला महिने लागतात. घाईचा ठेकेदार त्यात गुपचूप सिमेंट मिसळतो, तिकडे लक्ष ठेवायचं.

आणि या सगळ्याच्या आधी, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बसायचं. सामाईक भिंतीचा त्यांच्या बाजूचा फोटो काढायचा. दुरुस्तीचा खर्च भिंतीपुरता त्यांच्या बाजूचाही आपण करायचा. उपकार म्हणून नाही, आपली अर्धी भिंत तिकडे आहे म्हणून. आत भाडेकरू असेल तर तो 'अडचण' नाही. गेल्या पन्नास वर्षांत घर कुठं गळतं हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्याला बाहेर काढून जे घर सुंदर होतं, त्याच्या 'आधी'च्या फोटोत तो का नाही, हे विचारण्याचा हक्क परीक्षकाला आहे.

एक आक्षेप येईल, तो मी स्वतःलाच घेतो. स्वतःचे पैसे घालणाऱ्या माणसावर अख्ख्या रांगेचं ओझं टाकलं तर कोणी पुढेच येणार नाही. अर्धवट दुरुस्तीही पडझडीपेक्षा बरी नाही का? पुष्कळदा आहे. पण माझं 1995 चं कामही 'दुरुस्ती'च होतं. घरच्यांनी त्याचंही कौतुक केलं, वास्तुशांतीला दीडशे पानं उठली. त्या एका पक्क्या घरानं शेजारचं घर सात वर्षांत रिकामं केलं. म्हणून अर्धवट कामाला मी सरसकट बरं म्हणायला तयार नाही. शेजाऱ्याला धक्का न लावता केलेलं अर्धवट काम बरं, एवढंच म्हणेन.

आपल्या मंडळापुरतं एक सुचवतो. यापुढे दुरुस्त घराचं सादरीकरण होईल तेव्हा दोन फोटो जास्तीचे मागावेत, डाव्या शेजाऱ्याचा आणि उजव्या शेजाऱ्याचा, 'आधी' आणि 'नंतर' दोन्ही. आणि दस्तातली चतुःसीमा मोठ्यानं वाचावी. आपण घराण्यांच्या वंशावळी जमवतो, तशा एका गल्लीच्या चतुःसीमा पन्नास-पन्नास वर्षांच्या अंतरानं जमवल्या तर कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कुठली भिंत कधी उघडी पडली, याचा असा इतिहास हाती लागेल जो कुठल्याच बखरीत नाही. हे काम घरी बसून, घरातल्या ट्रंकेतल्या कागदांवर करता येतं.

मागच्या रविवारी त्या जोडप्याबरोबर मी आजींच्या घरात गेलो. तेवीस वर्षांनी कुलूप उघडलं होतं. माजघराच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा मुलानं छिन्नीनं थोडा काढला. आत वीट ओलीच होती. वर बघितलं तर दोन कड्यांची टोकं हातानं भुगा होत होती, बाकीच्या नऊ ठणठणीत. तुळई शाबूत, चारही तळखडे जागेवर. घर वाचण्यासारखं आहे.

पण फट आत्याच्या बाजूनं बंद करावी लागेल, वरून पत्रा वळवून, आणि नवे बीम जुन्या भिंतीला पट्ट्यांनी बांधावे लागतील. तिकडे आता खाली गोडाऊन आहे, आतेभाऊ बंगळुरूला असतो. मी त्याला फोन केला. कामाचं अंदाजपत्रक मी करून देतो आणि आपल्या बाजूच्या खर्चातला माझा वाटा मी घालतो, असं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, तीस वर्षांपूर्वीचं काम, आता कोण विचारतंय?" मी म्हटलं, दस्तात भिंत सामाईक लिहिली आहे, एवढंच. पावसाळ्याआधी पत्रा बसवायचं ठरलंय.